कारा वॉकर: काळ्या कागदातून गुलामगिरीचा इतिहास कापणारी कलावंत

कारा वॉकर (जन्म २६ नोव्हेंबर १९६९, स्टॉकटन, कॅलिफोर्निया) या अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंत. काळा कागद कापून केलेली भिंतभर चित्रे आणि अवाढव्य सार्वजनिक शिल्पे यासाठी त्या ओळखल्या जातात. विषय मात्र बहुतेक एकच: गुलामगिरी आणि तिचे आजवर न पुसलेले डाग.

बालपण आणि शिक्षण

वडील लॅरी वॉकर चित्रकार आणि प्राध्यापक. त्यांना अटलांटात नोकरी मिळाली आणि तेराव्या वर्षी कारा दक्षिणेत आल्या. कॅलिफोर्नियात फारसा न जाणवलेला वर्णभेद इथे रोजचा झाला. १९९१ मध्ये अटलांटा कॉलेज ऑफ आर्टमधून पदवी आणि १९९४ मध्ये ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमधून पदव्युत्तर शिक्षण त्यांनी पूर्ण केले.

कागदाची कात्री

फोटो निघायच्या आधी युरोप-अमेरिकेत चेहऱ्याची बाजू काळ्या कागदात कापून घ्यायची पद्धत होती. स्वस्त आणि घरगुती. वॉकर यांनी हीच सोज्वळ कला उचलली आणि तिच्यातून मळ्यांवरची हिंसा, अत्याचार दाखवले. कागदाच्या मागच्या बाजूला रेखाटन करायचे, धारदार पात्याने कापायचे आणि मेणाने भिंतीवर चिकटवायचे, अशी त्यांची रीत. या आकृत्यांत मालकही काळा आणि गुलामही काळाच. कोण कोण आहे ते बघणाऱ्याने ओठ, केस, कपडे यांवरून ठरवायचे. म्हणजे बघणाऱ्याच्या मनातले पूर्वग्रहच उघडे पडतात.

१९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘ड्रॉइंग सेंटर’मध्ये लागलेल्या ‘गॉन’ या सुमारे ५० फूट लांब चित्राने त्यांचे नाव झाले. १९९७ मध्ये, तिशीच्या आतच, त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

वाद

त्याच वर्षी ज्येष्ठ कृष्णवर्णीय कलावंत बेट्ये सार यांनी त्यांच्याविरुद्ध पत्रमोहीम उघडली. कृष्णवर्णीयांना हिणवणारी जुनी चित्रे पुन्हा मांडली की गोऱ्या प्रेक्षकांचीच करमणूक होते, असा आक्षेप होता. वॉकर यांनी वाट बदलली नाही. पण अपमान दाखवताना तो पुन्हा होतो का, हा प्रश्न त्यांच्या कामाबरोबर कायम राहिला.

सार्वजनिक कलाकृती

२०१४ मध्ये ब्रुकलिनमधील डोमिनो साखर कारखाना पाडण्याआधी तिथे त्यांनी ‘अ सटल्टी’ उभारली. सुमारे ३५ फूट उंच, ७५ फूट लांब, डोक्याला फडके बांधलेली स्त्री-स्फिंक्स. आत थर्माकोलचे ठोकळे, वरून पांढऱ्या साखरेचा थर. भोवती पाक आणि काकवीने घडवलेली टोपल्या वाहणारी मुले होती. प्रदर्शन चालू असतानाच त्यातली काही वितळून कोसळली. उसाच्या फडापासून स्वयंपाकघरापर्यंत फुकट राबलेल्या हातांना हे वंदन होते.

२०१८ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये, विक्रीपूर्वी गुलाम जिथे डांबून ठेवत त्या अल्जियर्स पॉइंटवर, त्यांनी वाफेवर वाजणाऱ्या वाद्याची गाडी उभी केली. गाडीच्या बाजूंना कागदी आकृत्यांसारखेच कापलेले पोलाद होते.

२०१९ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये ‘फॉन्स अमेरिकानस’ हे १३ मीटर उंच कारंजे आले. बकिंगहॅम राजवाड्यासमोरच्या व्हिक्टोरिया स्मारकाचे ते उलटे रूप: साम्राज्याच्या गौरवाऐवजी अटलांटिक महासागरावरच्या गुलामव्यापाराची कथा. प्रदर्शनानंतर तेही मोडण्यात आले. सत्तेची स्मारके शतके टिकतात. वॉकर यांची मोठी स्मारके मात्र काही महिन्यांचीच ठरली.