गवत कापायचं यंत्र : बैलापासून बॅटरीपर्यंत



बडोद्याच्या आठवणी निघाल्या की आपण राजवाडा, संगीतशाळा, ग्रंथालय आणि लिलो चिवडा यांवर भरभरून लिहितो. आपल्या बागांमधली हिरवळ मात्र कुणाच्या लेखात येत नाही. ती कशी राखली जायची आणि आता कशी राखावी, यावर आज थोडं लिहितो. मी बागशास्त्राचा माणूस नाही. बँकेत छत्तीस वर्षं जमाखर्च पाहिला, त्यामुळे तीच नजर इथेही लागली आहे.

आपली कमाटी बाग, म्हणजे सयाजीबाग, १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी सुरू झाली. तेव्हा सयाजीराव महाराज जेमतेम सोळा वर्षांचे होते आणि दिवाणपदावर सर टी. माधवराव होते. शंभर एकरांहून मोठी बाग सगळ्या प्रजेला खुली, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. लक्ष्मी विलास पॅलेसच्या बागेची आखणी विल्यम गोल्डरिंग या इंग्रज उद्यानतज्ज्ञाने केली. १८९३ मध्ये गुस्ताव क्रुंबिगल हे जर्मन गृहस्थ लंडनच्या क्यू उद्यानातून बडोद्याच्या सेवेत आले. पुढे बंगलोरच्या लालबागेमुळे त्यांचं नाव झालं, पण हिंदुस्थानातली त्यांची पहिली उमेदवारी आपल्या गावात झाली.

या मंडळींबरोबर कापलेल्या हिरवळीची विलायती आवड आपल्याकडे रुजली. गंमत अशी की फॅशन विलायती असली तरी गवत बहुतेक ठिकाणी आपलंच, हरळी. गणपतीला वाहतो त्याच दूर्वा. हरळी चिवट, ऊन सोसणारी, पण पावसाळ्यात आठवड्याला कापावी लागते.

हिरवळ कापायचं यंत्र निघालं इंग्लंडमध्ये, १८३० साली. त्याआधी लांब दांड्याच्या मोठ्या विळ्यांनी गवत कापत. स्ट्राउड हे लोकरी कापडाच्या गिरण्यांचं गाव. तिथल्या एडविन बडिंग या कारागिराने गिरणीत कापडावरची लव छाटणारं गोल पात्यांचं यंत्र पाहिलं होतं. तीच युक्ती त्याने गवताला लावली. मागून ढकलायचं, चाकं फिरली की पाती फिरतात आणि खालच्या पट्टीवर गवत कात्रीसारखं कापलं जातं. पुढे मोठी यंत्रं घोड्यांनी ओढू लागले. हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्यांना चामड्याचे बूट घालत.

आपल्याकडे घोड्याची जागा बैलाने घेतली. १९६० च्या आसपास एका सरदारांच्या बंगल्याच्या आवारात मी ते पाहिलं आहे. एक माणूस बैलाची वेसण धरून पुढे आणि दुसरा यंत्राची दांडी धरून मागे. आवाज फक्त पात्यांचा, बारीक खरखर. कापलेलं गवत लगेच त्याच बैलापुढे! जमाखर्च जागच्या जागी मिटायचा. आजच्या भाषेत त्याला पर्यावरणपूरक म्हणतील. त्या काळी कुणाला तो शब्द सुचण्याचं कारण नव्हतं.

पेट्रोलवरची यंत्रं इंग्लंडमध्ये १९०२ पासून विकायला आली. १९५२ मध्ये सिडनीच्या मर्व्हिन रिचर्डसन यांनी टू-स्ट्रोक इंजिनाचं हलकं, स्वस्त यंत्र बनवलं. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा लावला होता. घरोघरी इंजिन पोचलं ते अशा यंत्रांमुळे. आपल्याकडे पुढे आलं ते खांद्याला अडकवायचं ग्रासकटर. दोरी ओढायची, धूर काढायचा आणि सुरू.

टू-स्ट्रोक म्हणजे काय हे आपल्या पिढीला सांगायला नको. जुन्या स्कूटरला टू-टी ऑइल घालत होतो तेच. पेट्रोलबरोबर ऑइल जळतं. शिवाय ताजं मिश्रण आत येताना आणि धूर बाहेर जाताना दोन्ही वाटा काही क्षण एकदमच उघड्या असतात, म्हणून थोडं पेट्रोल न जळताच हवेत जातं. कॅलिफोर्निया राज्याच्या हवा मंडळाच्या हिशोबाने पेट्रोलचं गवतयंत्र एक तास चालवलं, तर धुरकं बनवणारं प्रदूषण एखादी नवी मोटार सुमारे ४८० किलोमीटर चालवण्याइतकं होतं. म्हणजे बडोद्याहून मुंबई गाठून आणखी थोडं पुढे! तिथे २०२१ मध्ये कायदा झाला आणि २०२४ पासून अशा नव्या छोट्या इंजिनांच्या विक्रीला चाप लागला.

पण मला या विषयाकडे वळवलं ते कॅलिफोर्नियाने नव्हे, आमच्या माळीकाकांनी.

आमची सोसायटी बँकेतल्या लोकांनी ८० च्या दशकात बांधली. मध्ये कॉमन प्लॉट, त्यावर हिरवळ. माळीकाका तीस वर्षं येतात आणि त्यातली वीसेक वर्षं पेट्रोलचं ग्रासकटर त्यांच्या खांद्यावर आहे. आमच्याकडे आठवड्यातून एक तास, पण अशा सात-आठ सोसायट्या धरल्या तर आठवड्याला सात-आठ तास. हळूहळू ते "साहेब, जरा मोठ्याने बोला" म्हणू लागले. आम्हाला वाटलं, वय झालं. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे वयाचं नाही, आवाजाचं आहे. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

मग मी वाचत गेलो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे की ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त काम करू नये. दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात, आणि पेट्रोलच्या ग्रासकटरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी १०० च्या आसपास जातो. आपण खिडक्या लावून घेत होतो, काकांना लावायला खिडकी नव्हती.

गेल्या वर्षी सोसायटीच्या बैठकीत बॅटरीच्या यंत्राचा प्रस्ताव मांडला. पहिला प्रश्न अर्थातच पैशांचा आला. हिशोब असा : बॅटरी ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-तास, म्हणजे १४४ वॅट-तास. एका युनिटचा सातवा हिस्सा! एकदा चार्ज करायला रुपया-दीड रुपया. खरा खर्च बॅटरीच्या किमतीचा. ती चार-पाच वर्षांत बदलावी लागेल असं धरून दरवर्षी घसारा बाजूला काढायचा. पेट्रोल, ऑइल, प्लग आणि कार्ब्युरेटरची दुरुस्ती वजा घातली तेव्हा आमच्या वापराला दोन्ही पारडी जवळपास सारखी निघाली. तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "भाऊ, कानाची किंमत कुठल्या खात्यात लिहिली?" ठराव पास झाला.

वर्षभराचा अनुभव सांगतो. एका बॅटरीवर अर्धा तास काम होतं, म्हणून दोन घ्याव्यात. बॅटरी उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवू नये, घरात ठेवावी. ओलं गवत कापू नये, यंत्रावर ताण येतो. एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशच कापावा आणि बारीक कापलेलं तिथेच पडू द्यावं, जमिनीला नत्र मिळतं. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. वीजही बरीचशी कोळशावरच होते, त्यामुळे यंत्र अगदी निर्मळ आहे असं मी म्हणणार नाही. पण धूर आणि आवाज माणसाच्या तोंडाशी-कानाशी राहत नाही, हे नक्की. आणि अगदी छोटी हिरवळ असेल तर बडिंगचं ढकलायचं यंत्र आजही मिळतं. त्याला ना पेट्रोल, ना वीज.

आता माळीकाकांचा मुलगा काम पाहतो. आमच्याकडे तो बॅटरीचं यंत्र चालवतो. बाकीच्या सोसायट्यांत अजून तेच पेट्रोलचं खांद्यावर घेतो, कारण तिथे यंत्र त्याचं स्वतःचं आहे आणि नवं घेणं त्याला परवडत नाही. एका सोसायटीने बदलून त्याचा एक तास वाचतो, बाकीचे तास तसेच राहतात. यंत्र सोसायटीने घ्यायचं आणि माळ्याने चालवायचं, ही पद्धत चार ठिकाणी पडली तरच त्याचे कान राहतील. त्याचे कान अजून चांगले आहेत.

तेव्हा आपापल्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. हिशोबाचा कागद हवा असेल तर मी पाठवतो. आणि इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावकडच्या मंडळींनी तिकडच्या जुन्या बागा कोण, कशाने कापायचं तेही लिहावं. बैलाने गवत कापताना पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत.