पऱ्हाटीच्या मुलखातला स्टोव्ह

बुलढाणा जिल्ह्यात हवेचा पितळी स्टोव्ह जळतण संपलं म्हणून आला नाही. हा कपाशीचा मुलूख. वेचणी संपली की उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग घराशेजारी रचले जातात. तुरीच्या पट्ट्यात तुऱ्हाटी असते, जोडीला गोवऱ्या असतात. फुकटचं जळण अंगणात असताना कुणी घासलेट विकत का घ्यावं? शिवाय स्टोव्हला भाकर धार्जिणी नाही. त्याची आच तव्याच्या मध्यावर एकवटते, कडा कच्च्या राहतात आणि भाकर शेकायला विस्तव नसतो. उलट भांडंभर चहा तो चुलीच्या आधी उकळतो. म्हणून मला वाटतं, इथल्या स्टोव्हचा इतिहास माजघरात शोधला तर हाती थोडंच लागेल. तो घराबाहेर राहणाऱ्या माणसांचा इतिहास आहे.

मुळात हे यंत्रच तसं आहे. स्टॉकहोममध्ये १८९२ मध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने प्रायमस हा हवेचा स्टोव्ह बनवला. त्याला वात नाही. स्पिरिटने बर्नर तापवायचा, मग पंपाने टाकीत हवा भरायची. दाबाने वर चढलेलं तेल तापल्या नळीत वाफ होतं, ती वाफ बारीक भोकातून उसळते आणि हवेत मिसळून निळी, बिनकाजळीची जळते. आमुंडसेनने तो दक्षिण ध्रुवावर नेला, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही तो होता. बुलढाण्याने त्याला बर्फात नव्हे, बदलीच्या नोकरीत वापरलं, कारण जिल्ह्याचा बराच भाग रेल्वेपासून दूर राहिला. नागपूरपर्यंत जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला, मलकापूर, नांदुरा, शेगाव त्यावर आले. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा गेला, तोही कापसासाठी. पण जिल्ह्याचं मुख्य ठाणं बुलढाणा घाटावर राहिलं, आणि चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या भागाला रेल्वे आजही नाही. खामगाव–जालना मार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. अशा ठिकाणी नेमणूक झालेला मास्तर, कारकून किंवा शिकायला आलेला पोरगा भाड्याच्या खोलीत राही. तिथे चूल घालता येत नाही, धूर मालकाला चालत नाही, पऱ्हाटी ठेवायला अंगण नाही. एका पिशवीत मावणारा स्टोव्ह हेच त्याचं स्वयंपाकघर.

यावर कुणी म्हणेल, खामगाव-मलकापूरच्या घरांतही स्टोव्ह होतेच की! होते. पण तिथेही बहुधा चुलीची जागा न घेता सकाळचा चहा, पाहुण्यांची घाई, आजारपणातली पेज एवढं काम ते करत. दुसरा आक्षेप याहून फार जड आहे. अनेक सुना ‘स्टोव्हचा भडका उडाला’ या तीन शब्दांखाली गाडल्या गेल्या, आणि त्या घरातच जळाल्या. या वस्तूवर माया करणाऱ्याने हे टाळून पुढे जाऊ नये. जळत्या स्टोव्हमध्ये तेल ओतणं, बेसुमार हवा भरणं, घासलेटात पेट्रोलची भेसळ यांतून खरे अपघात झाले. पण घरात हाताशी असलेलं घासलेट हे खुनाचं साधन होतं आणि स्टोव्ह ही तयार सबब. विवाहितेच्या छळाविरुद्धचं कलम ४९८अ (१९८३) आणि हुंडाबळीचं ३०४ब (१९८६) अशाच मृत्यूंच्या काळात कायद्यात आली. टाकी शाबूत असेल तर स्फोटाची कहाणी टिकत नाही. म्हणजे तिथेही स्टोव्हचं पितळी अंगच साक्ष देतं.

ती साक्ष जपायची, तर आज अडगळीतून काढलेला स्टोव्ह नुसता चिंचेने घासून, चकचकीत करून कपाटात मांडणं पुरेसं नाही. माझं ठाम मत आहे की तो चालू करावा, आणि त्यावरच्या जुन्या दुरुस्तीच्या खुणा मात्र मिटवू नयेत. कथलाने दिलेला डाग, न जुळणारा बर्नर, नंतर बसवलेला पाय: दुरुस्ती करणाऱ्याचा हात तिथेच दिसतो, आणि नवीन घेणं परवडत नव्हतं हेही. पंपाचं कातडी वॉशर वाळून आक्रसलेलं असतं. ते तेलात मुरवून, कडा पसरवून बसवलं तर बहुतेक वेळा पुन्हा दाब धरतं. मग बर्नरचं भोक बंद करून रिकाम्या टाकीत थोडी हवा भरावी आणि ती पाण्यात बुडवावी. बुडबुडे झाकणातून आले तर वॉशर बदलावं. सांध्यातून आले तर तो स्टोव्ह पेटवण्याचा विचार सोडून शोभेलाच ठेवावा, कारण इथे जुनेपणाला दाबापुढे सवलत नाही. बर्नरचं भोक पिनेने साफ करताना ते मोठं होऊ देऊ नये, नाहीतर ज्योत पिवळी होऊन काजळी धरते. पेटवायचा तो उघड्यावर, घासलेटावरच. रेशनचं घासलेट आता जवळजवळ बंद झालंय, पण त्याऐवजी पेट्रोल कधीही घालू नये. आणि घरात कुणाला आठवत असेल तोवर एका चिठ्ठीवर लिहून ठेवावं की तो कोणत्या गावच्या नेमणुकीत घेतला, कुठे दुरुस्त केला आणि त्यावर काय शिजायचं.