इओकोरिथोडेरस इन्क्रेडिबिलिस
वाळवीच्या वारुळात राहणारा, उडता न येणारा एक भुंगेरा. गण कोलिऑप्टेरा, कुल स्कॅरॅबिडी, उपकुल अफोडिइनी. शेणाचे गोळे ढकलणारे शेणकिडे आणि ऊस उत्पादकांना छळणारी हुमणी याच कुळातली. जपानमधील क्यूशू विद्यापीठाच्या संग्रहालयातील कीटकशास्त्रज्ञ मुनेतोशी मारुयामा यांनी कंबोडियातील अंकोर परिसरातील नमुन्यांवरून २०१२ मध्ये ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात त्याचे वर्णन केले. आधी माहीत असलेल्या एकाही प्रजातीत तो बसेना, म्हणून जातीबरोबर प्रजातीही नवीच मांडावी लागली.

मॅक्रोटर्मिस गिल्व्हस ही वाळवी त्याची यजमान. चघळलेल्या लाकूड-पाचोळ्यावर ती वारुळाच्या पोटात टर्मिटोमायसिस बुरशीची बाग पिकवते. पावसाळ्यात आपल्याकडे वारुळांवर उगवणारी अळंबी याच बुरशीच्या गोतावळ्यातली. हा भुंगेरा अशा बागांमध्ये सापडला. कायमच्या अंधारातल्या या मुक्कामाच्या खुणा त्याच्या अंगावर दिसतात : डोळे अगदी बारीक, आणि उडण्याची क्षमता गेलेली.

खरी नवलाई मात्र पाठीवर आहे. तिथे मुठीसारखा एक उठाव असून कामकरी वाळवी तो जबड्यात धरून भुंगेऱ्याला उचलते आणि इकडून तिकडे नेते. लॅटिनमध्ये ‘इन्क्रेडिबिलिस’ म्हणजे विश्वास बसू नये असा. नव्या जातीला बहुधा रंगाचे, गावाचे किंवा गुरूचे नाव मिळते. इथे वर्णन करणाऱ्याचे आश्चर्यच नावात उतरले आहे, आणि ते अनाठायी नाही. कामकरी वाळवी आंधळी असते. आपला कोण, परका कोण हे ती वासावरून आणि स्पर्शावरून ओळखते. अंडी आणि पिल्ले तोंडात धरून हलवणे हे तिचे रोजचे काम. धरायला सोयीची मूठ असलेला पाहुणा याच सवयीचा लाभ घेतो, असे मानायला जागा आहे. आयत्या बिळातल्या नागोबाला निदान स्वतः सरपटावे तरी लागते.

वाळवीचा असा शेजार या कुळात एकाच किड्यापुरता नाही. इओकोरिथोडेरस ज्या कोरिथोडेरिनी गटात मोडतो, त्यातले त्याचे भाऊबंदही वारुळांतच आढळतात. मारुयामांनी त्याच वर्षी कंबोडियातून, हायपोटर्मिस या दुसऱ्या वाळवीच्या घरातून, टर्मिटोट्रॉक्स क्युपिडो ही आणखी एक नवी जाती नोंदवली. जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या या उडता न येणाऱ्या किड्याला त्यांनी पंख असलेल्या रोमन प्रेमदेवाचे नाव दिले.