तुघलकी म्हणण्याआधी

गेल्या वर्षी ऑफिसात मेल आला: तीन महिन्यांत सगळ्या टीमने दुसऱ्या शहरात जायचं. चहाच्या टपरीवर सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, "तुघलकी कारभार!" मीही तेच म्हणालो. पुढच्याच महिन्यात संभाजीनगरला मामाकडे गेलो, तेव्हा बाइक काढून दौलताबादला गेलो. ज्या राजाच्या नावाने आपण बोटं मोडतो, त्याने राजधानीसाठी निवडलेली जागा एकदा नीट बघायची होती.

मुहम्मद तुघलकाला ही जागा स्वप्नात दिसली नव्हती. बाराव्या शतकाच्या शेवटी भिल्लम यादवाने देवगिरीला राजधानी केलं. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने इथली संपत्ती लुटून नेली. आत शिरल्यावर भारतमाता मंदिर लागतं, ती मुळात कुतुबुद्दीन मुबारक खिलजीने १३१८ साली उभारलेली मशीद. तिचे बरेचसे खांब जुन्या देवळांचे आहेत. भारतमातेची मूर्ती १९४८ नंतरची. एकाच अंगणात तीन राजवटी दिसतात.

वर चढताना जागेची निवड पटत जाते. कडा चारी बाजूंनी उभा तासलेला, खाली खंदक, आणि पुढे अंधारी. मोबाइलचा टॉर्च लावूनही त्या भुयारात पाय चाचपडतात. माथ्यावरून दूरवरचा मुलूख दिसतो. तुघलकाचं राज्य तेव्हा दक्षिणेत पार खालपर्यंत पोचलं होतं आणि दिल्ली एका टोकाला पडली होती. नकाशा समोर ठेवला, तर १३२७ चा निर्णय वेडेपणाचा वाटत नाही.

चूक नकाशाबाहेर होती. हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास, आणि जाणाऱ्याला विचारलं कुणी नव्हतं. आख्खी दिल्ली ओस पडली, हे वर्णन अतिशयोक्त असल्याचं आज बरेच इतिहासकार मानतात. हलवले गेले ते मुख्यतः सरदार, अधिकारी, विद्वान, सूफी आणि त्यांचा परिवार. काही वर्षांतच परतीची मुभा मिळाली. पण तोवर अनेकांची मुळं इथे रुजली होती.

गंमत पुढेच आहे. दख्खन दिल्लीला घट्ट बांधायची म्हणून ही माणसं आणली. त्यांच्यासारख्याच इथल्या अमीरांनी बंड केलं आणि १३४७ मध्ये दौलताबादेतच हसन गंगू सुलतान झाला. बहामनी राज्य सुरू झालं, दख्खन दिल्लीच्या हातून गेली. उत्तरेतून आलेली बोली इथे मराठी, तेलुगू, कन्नडच्या शेजारात वाढली आणि दखनी झाली.

परतताना खुलताबादला थांबलो. दिल्लीचा कवी अमीर हसन सिजझी तिथे चिरविश्रांती घेतोय. निजामुद्दीन औलियांची संभाषणं त्यानेच लिहून ठेवली. गुरूची कबर दिल्लीत, शिष्याची इथे. राजधानी परत गेली, तो गेला नाही.

रात्री तो मेल पुन्हा उघडला. नव्या ऑफिसचा पत्ता होता, रुजू व्हायची तारीख होती, सामानाचा खर्च कोण देणार तेही होतं. टीममधल्या एकीच्या वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. त्याबद्दल एक ओळही नव्हती.

निर्णय चुकीचा होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. तुघलकी मात्र तो नक्की होता.