परिचारिकांच्या संख्येचा हिशेब

वॉर्डात किती परिचारिका लागतील, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक रुग्णालये भरलेल्या खाटा मोजून ठरवत. स्वतः उठून आंघोळीला जाणारा रुग्ण आणि दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागणारा रुग्ण या मोजणीत सारखेच धरले जात.

अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात चार्ल्स फ्लॅगल, रॉबर्ट कॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास परिचारिकांचे काम प्रत्यक्ष निरीक्षणातून मोजले. त्यांनी रुग्णांचे तीन गट पाडले : स्वतःचे स्वतः करणारे, थोडी मदत लागणारे आणि पूर्णपणे परिचारिकेवर अवलंबून असणारे. पहिल्या गटातील रुग्णाला थेट शुश्रूषेचा सुमारे अर्धा तास, दुसऱ्याला एक तास, तर तिसऱ्याला अडीच तास लागतात, असे त्यांच्या मोजमापात आले. समजा, वॉर्डात ३० रुग्ण आहेत. त्यांपैकी १८ पहिल्या गटातले, ९ दुसऱ्या आणि ३ तिसऱ्या गटातले असतील, तर काम साडेपंचवीस तासांचे होते. हेच प्रमाण ९, १२ आणि ९ झाले की काम ३९ तासांवर जाते. रुग्ण मात्र तेवढेच. हा चढउतार एकाच वॉर्डात रोजच्या रोज होतो, हे या अभ्यासाने आकड्यांत दाखवले आणि ते त्याचे सर्वांत मोलाचे काम होय. पुढे अनेक देशांत रुग्ण-वर्गीकरणाच्या पद्धती निघाल्या.

पण गरज मोजली म्हणून माणसे मिळतातच असे नाही. कॅलिफोर्नियात रुग्णालयांना वर्गीकरणानुसार परिचारिका नेमण्याचे बंधन आधीपासून होते. ते कागदावरच राहते, अशी परिचारिका संघटनांची तक्रार होती आणि तिच्यात तथ्य होते. त्यांच्या रेट्यामुळे १९९९ मध्ये कायदा झाला. २००४ पासून सर्वसाधारण वॉर्डात एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त ६ रुग्ण, आणि २००५ पासून ५, अशी मर्यादा आली. ती जेवणाच्या सुटीतही पाळायची होती. म्हणजे एक परिचारिका डबा खायला गेली, तर तिचे रुग्ण दुसरीच्या रुग्णांत भर म्हणून टाकता येत नव्हते. रुग्णालयांनी याला न्यायालयात आव्हान दिले, पण नियम टिकला. वर्गीकरणही रद्द झाले नाही : प्रमाण ही किमान पातळी, गंभीर रुग्ण वाढले की तिच्यावर जादा माणसे.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २००० साली औद्योगिक लवादाच्या निर्णयाने मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांच्या वॉर्डांत २० रुग्णांमागे ५ परिचारिका ठरल्या. एकीला चार रुग्ण असे न बांधता पूर्ण वॉर्डाचे प्रमाण धरल्याने, कोणाकडे जड रुग्ण द्यायचे आणि कोणाकडे हलके, हे पाळीच्या प्रमुख परिचारिकेला ठरवता आले. २०१५ मध्ये त्याचा कायदा झाला.

दरम्यान २००२ मध्ये लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त आढळली. कामगारांच्या मागणीइतकाच हा रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे, हे त्यानंतर नाकारणे अवघड झाले.

भारतात भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे एक परिचारिका हवी. शिवाय रजेवर जाणाऱ्यांची जागा भरायला ३० टक्के राखीव. महाराष्ट्रातील गर्दीच्या सरकारी रुग्णालयांत खाटा भरल्या की जमिनीवर गाद्या पडतात. मंजूर पदे मात्र मंजूर खाटांवरच बेतलेली असतात, आणि त्या गादीवरच्या रुग्णाचे सलाईन, इंजेक्शन व नोंदी त्याच पाळीतल्या परिचारिकेच्या वाट्याला येतात.