दरमहा २४६ रुपये

२००१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी झालेल्या एका अभ्यासात पुण्यातल्या प्रत्येक कचरावेचकाच्या नावे एक रक्कम मांडलेली आहे: दरमहा २४६ रुपये. ही त्याची कमाई नव्हे. त्याने कुंडीतून आधीच उचलून नेलेला माल महापालिकेला वाहून न्यावा लागला नाही. त्यामुळे पालिकेच्या पदरात जी फुकट मजुरी पडली, तिची ही किंमत. पौर्णिमा चिकरमाने, मेधा देशपांडे आणि लक्ष्मी नारायण यांनी हा अभ्यास केला. त्याची मुळं मात्र दहा वर्षं मागे, एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या आवारात आहेत.

त्याच अभ्यासात आणखी दोन आकडे येतात: १४४ टन भंगार आणि वर्षाला सुमारे १ कोटी ५८ लाख रुपयांची बचत. तिन्हींचा ताळा करून पाहावा. २४६ रुपयांचे वर्षाला २,९५२ होतात. एकूण बचतीला त्याने भागलं की साधारण ५,३५० माणसं निघतात. १४४ टन रोजचे धरले तर माणशी २७ किलोच्या आसपास माल येतो आणि टनामागे वाचलेला खर्च तीनशे रुपये. दिवसभर वाकून भरलेल्या पोत्यांचं हे वजन पटण्याजोगं आहे आणि तीनशेचा दरही फुगवलेला दिसत नाही. पैशाचा हिशेब फक्त वाहतूक वाचल्याचा. कागद, काच, पत्रा पुन्हा कारखान्यात गेल्याने जे वाचलं ते यात धरलेलंच नाही. म्हणजे अभ्यास करणाऱ्यांनी आकडा हात राखून मांडला.

पण ज्यांच्या मालाचं वजन मोजायचं ती माणसं आधी कुठल्या तरी कागदावर यावी लागतात. हे काम ओळखपत्राने केलं. १९९० च्या सुमारास विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षणाच्या प्रकल्पातून कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी वर्ग सुरू झाले. मुलांच्या मागोमाग कार्यकर्त्या आयांपर्यंत पोचल्या, आणि या बायकांना अक्षरओळखीपेक्षा चांगला माल हवा होता. कुंडीत ओल्याने बरबटलेला कागद आणि घरातून कोरडा हातात आलेला कागद यांच्या भावात केवढा फरक, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मग तीसेक जणींसाठी घरोघरून वेगळा केलेला कचरा मिळवण्याची व्यवस्था झाली. सोसायटीच्या फाटकावर अडवणाऱ्याला दाखवायला विद्यापीठाने त्यांना फोटोसकट ओळखपत्रं दिली. कचऱ्यातल्या बाईला चोर ठरवणं हा तेव्हाचा रिवाज. एका विद्यापीठाने, तेही विद्यार्थिनी नसलेल्या बायकांना, असं कार्ड द्यावं हे मला त्या अभ्यासाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

पुढे एका खासगी व्यावसायिकाने गाडी लावून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली, तेव्हा तीस जणींची सोय पुरणार नाही हे उघड झालं. मे १९९३ मध्ये पुण्यात परिषद भरली. आठशेवर कचरावेचक आले, आणि कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. १९९६ मध्ये पंचायतीच्या ओळखपत्रावर पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची मान्यता आली. विद्यापीठाच्या कार्डावर जे सांगितलं होतं, तेच आता पालिका सांगू लागली.

वजनाची नोंद हा वेगळाच मामला. भंगारवाल्याच्या काट्यावर माल रोज चढत होता, पण तो काटा त्याचा, वही त्याची आणि ओल्या मालाची कपातही तोच ठरवणार. पंचायतीने स्वतःचं भंगार दुकान काढलं आणि नफ्यातून सभासदांना बोनस ठेवला. बोनस द्यायचा तर कुणी वर्षभरात किती माल घातला हे माणसागणिक लिहून ठेवावंच लागतं. एरवी पोत्यासरशी विसरली जाणारी मेहनत अशा वहीत सलग दिसू लागते.

या कागदांचा उपयोगही झाला. त्यांना नियमांचीही जोड मिळाली: कचऱ्याचं वर्गीकरण सांगणारे केंद्राचे नियम २००० साली आले, त्यामुळे वेगळा कचरा मागणं ही आता मेहेरबानीची गोष्ट राहिली नाही. पुणे महापालिकेने पुढे कचरावेचकांचा आरोग्यविमा भरला. २००८ मध्ये कचरावेचकांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पालिकेने घरोघर कचरा गोळा करण्याचा करार केला.

या कराराची रचना २००१ च्या हिशेबाशेजारी ठेवून वाचावी. अभ्यासाने किलो मोजले होते. करारात घरं मोजली गेली. शुल्क दर घरामागे आणि ते देणार नागरिक. भंगार विकून येणारा पैसा कचरावेचकाचाच. पालिकेकडे साधनं आणि व्यवस्थापनाचा खर्च. पालिकेची वाहतूक वाचते म्हणून मांडलेले ते २४६ रुपये मजुरी म्हणून पालिकेच्या खर्चात आलेच नाहीत. घरामागचं शुल्क नियमित हाती पडू लागल्यावर बायकांना त्या २४६ रुपयांसाठी अडून बसणं परवडणारंही नव्हतं.