ग्रेफ्रायर्स दफनभूमीतील स्मारके : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

इतिहासलेखनात स्मारकांना प्राथमिक साधनांचे स्थान दिले जाते. तथापि, स्मारक कोणाचे व केव्हा उभारले गेले, हे तपासल्याखेरीज त्याची साक्ष ग्राह्य मानता येत नाही. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरातील ग्रेफ्रायर्स दफनभूमी या दृष्टीने अभ्यसनीय आहे. फ्रान्सिस्कन मठाची ही जागा राणी मेरीने १५६२ मध्ये शहरास दफनासाठी दिली.

चर्चच्या कारभारातील व उपासनापद्धतीतील राजाच्या हस्तक्षेपास विरोध करणाऱ्या ‘राष्ट्रीय करारनाम्या’वर १६३८ मध्ये येथील चर्चमध्ये स्वाक्षऱ्या झाल्या. पुढे १६७९ मध्ये बॉथवेल पुलाच्या लढाईत करारनाम्याच्या अनुयायांचा पराभव झाला व त्यांच्यापैकी सुमारे १,२०० कैद्यांना दफनभूमीलगतच्या मैदानात उघड्यावर डांबण्यात आले. अठराव्या शतकात या मैदानाचा काही भाग दफनभूमीत समाविष्ट होऊन तेथे संपन्न कुटुंबांची कमानदार थडगी बांधली गेली. आज हाच भाग ‘करारनामावाद्यांचा तुरुंग’ म्हणून ओळखला जातो. परंतु तेथील थडगी कैद्यांची नाहीत आणि कैदेच्या काळातीलही नाहीत.

करारनामावाद्यांवर खटले चालविणारा महाधिवक्ता सर जॉर्ज मॅकेंझी १६९१ मध्ये निधन पावला. त्याचे घुमटाकार समाधिगृह याच आवारात आहे. वकिलांच्या विख्यात ग्रंथालयाचा संस्थापक ही त्याची दुसरी ओळख. लोकस्मृतीत मात्र तो ‘रक्तपिपासू’ म्हणूनच राहिला. त्याने ज्यांना शिक्षा घडविल्या, त्यांच्या हौतात्म्याचे स्मारक १७०६ मध्ये, म्हणजे १६८८ च्या सत्तांतरानंतर, उभे राहू शकले. सध्याचे स्मारक १७७१ मधील आहे.

कौटुंबिक स्मारकांतून प्रतिष्ठेची परंपरा व्यक्त होते. वास्तुविशारद विल्यम ॲडम याच्या १७४८ मधील निधनानंतर पुत्र जॉन याने त्याचे भव्य समाधिगृह रचले. याउलट, आधुनिक भूशास्त्राचा पाया घालणारा जेम्स हटन १७९७ मध्ये येथेच विसावला. पण त्याच्या दफनस्थानी स्मृतिशिला बसण्यास १९४७ साल उजाडावे लागले. खडकांच्या आधारे पृथ्वीचे अतिप्राचीनत्व प्रतिपादन करणाऱ्या या संशोधकाच्या वाट्याला दीडशे वर्षे नावाचा एक दगडही आला नाही.

सारांश, थडग्याची भव्यता ही उभारणाऱ्याची ऐपत, वारसांची निष्ठा आणि तत्कालीन सत्तेची अनुमती यांची निदर्शक असते. मृत व्यक्तीचे ऐतिहासिक महत्त्व तीवरून ठरविता येत नाही. म्हणूनच दफनभूमीचा अभ्यास करताना कोरलेल्या नावांइतकीच न कोरलेल्या नावांची नोंद घेणे इतिहासाच्या अभ्यासकास आवश्यक ठरते.